तीन नंबरच्या खिडकीचं भोक

मी फक्त एक भोक मोठं करून मागितलं होतं. पगारवाढ मागितली नव्हती, खुर्चीला गादी मागितली नव्हती, डोक्यावरचा पंखा फिरावा अशीही माझी अपेक्षा नव्हती. भोक मागितलं. त्या भोकापायी एका मुलीचं वर्ष गेलं, एक कोर्स बुडाला आणि मला छातीवर लावायला एक बिल्ला मिळाला. या तीन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी कधी कॉलेजच्या ऑफिसात नोकरी केलेली नसावी. ते सुखी आहेत, त्यांनी तसंच राहावं.

मी प्रवेश विभागात तीन नंबरच्या खिडकीवर बसतो. बावीस वर्षं झाली. खिडकीला जाड काच आहे. काचेच्या खाली कागद सरकवायची फट आणि तिच्या वीतभर वर बोलण्यासाठी एक गोल भोक, चहाच्या कपाच्या तोंडाएवढं. ज्याने ते पाडलं त्याने माप बसून घेतलं असणार, कारण ते बरोबर माझ्या तोंडासमोर येतं आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या पोटासमोर. बाहेरच्याला कमरेत वाकावं लागतं. वाकून तो भोकाला तोंड लावतो आणि प्रश्न विचारतो. मग उत्तर ऐकायला मान वळवून कान लावतो, तोवर माझं उत्तर संपलेलं असतं. तो परत तोंड लावून "काय?" म्हणतो. मी परत सांगतो, तेव्हा तो नुकता कुठे कान आणत असतो. तिसऱ्या खेपेला मी ओरडतो. ओरडलेलं सगळ्यांना ऐकू जातं, रांगेच्या शेवटच्या माणसालासुद्धा, आणि तो घरी जाऊन सांगतो की तीन नंबरवरचा माणूस भयंकर उद्धट आहे.

मुलांनी माझं नाव 'भोंगा' ठेवलंय. संडासाच्या दारामागे माझं चित्रही आहे. चित्र वाईट नाही, फक्त तोंड उरलेल्या अंगापेक्षा मोठं आहे.

तर एके दिवशी घसा इतका बसला की बायकोने हाक मारली तर मला 'ओ' देता येईना. तिने दोन दिवस त्याचा आनंद घेतला आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अहो, ते भोक मोठं करून घ्या ना. की निवृत्त झाल्यावर खुणा करून बोलणार आहात?"

अर्ज लिहायला बसलो. "काचेचे भोक लहान व खाली असल्याने ओरडावे लागते, तरी ते मोठे करून वर घ्यावे." झाला अर्ज. पण आमच्या वरच्या मजल्यावर निवृत्त मुख्याध्यापक राहतात आणि त्यांना कागदाचा वास येतो. ते खाली आले, चष्मा लावून उभे राहिले आणि माझ्या अर्जाकडे नापास मुलाच्या पेपरासारखं बघू लागले.

"ओरडावे लागते, असं लिहितात होय? भोक, असं लिहितात? अहो, ऑफिसचा अर्ज आहे हा. लिहा: संवादात अडथळा येतो."

मी म्हटलं, "गुरुजी, पण पाहिजे ते भोकच."

"ते त्यांना समजतं. भाषा सभ्य ठेवा."

मी भाषा सभ्य ठेवली. आयुष्यात मी ज्या चुका केल्या त्यातल्या बहुतेक कुणाच्या तरी सभ्य सल्ल्याने केलेल्या आहेत.

अर्ज आधी बांधकाम विभागाकडे गेला. त्यांनी शेरा मारला की काच आमच्या अखत्यारीत येते, परंतु भोक म्हणजे काचेचा अभाव असून अभाव आमच्याकडे येत नाही. मग तो खरेदी विभागाकडे गेला. त्यांनी भोक बाजारात तयार मिळते काय अशी विचारणा केली. मी 'नाही' असं कळवलं. ते आमच्या ऑफिसात मी मोकळेपणी लिहिलेलं शेवटचं 'नाही'. तिथून अर्ज कर्मचारी विकास कक्षाकडे सरकला. आमच्याकडे असा कक्ष आहे हे मला बावीस वर्षांत ठाऊक नव्हतं. बहुधा त्यांनाही नसावं, कारण काम आलेलं बघून ते फार उत्साहात आले. त्यांनी 'संवादात अडथळा येतो' एवढंच वाचलं आणि शेरा लिहिला: संबंधित कर्मचाऱ्यास संवादकौशल्याचे प्रशिक्षण द्यावे.

एकट्याला शिकवणं बरं दिसत नाही म्हणून सगळ्या खिडक्यांना द्यायचं ठरलं.

रजिस्ट्रारसाहेबांनी आम्हाला बोलावलं. एरवी ते आम्हाला बोलावत नाहीत, झापायचं असेल तर चिठ्ठी पाठवतात. म्हणाले, "प्रयोगशाळा सहायकाचा कोर्स धोक्यात आहे. वीस प्रवेश झाले नाहीत तर वरून बंद करतील. आत्ता अकरा आहेत. मुलं खिडकीवर येतात आणि कुणीतरी त्यांच्यावर खेकसतं, म्हणून ती परत जातात." हे म्हणताना साहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. इतकं मुद्दाम पाहिलं नाही की सगळ्यांनी पाहिलं.

वास्तविक मुलं परत जात होती कारण त्या कोर्सच्या प्रयोगशाळेत दोनच सूक्ष्मदर्शक होते आणि त्यातल्या एकातून फक्त आपलीच पापणी दिसायची. पण हे बोलायची ती जागा नव्हती. बोलायची जागा आमच्याकडे तशी कुठेच नाही. होतं ते एक भोक.

ट्रेनर मॅडम आल्या. वाईट बाई नव्हत्या, हे आधी सांगून टाकतो. त्यांना आपलं म्हणणं मनापासून पटलेलं होतं, आणि तेच अवघड असतं. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला दातांत पेन्सिल आडवी धरायला लावली. त्याने हसण्याचे स्नायू जागे होतात म्हणे. दोन नंबरच्या खिडकीवरच्या बाईंची कवळी पेन्सिलीबरोबर बाहेर आली. त्याबद्दल त्यांचे गुण कमी झाले नाहीत, मला मात्र त्या क्षणी खरंखुरं हसल्याबद्दल समज मिळाली. ते चुकीच्या प्रकारचं हसू होतं.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक खिडकीत आतून एक छोटा आरसा बसवला, बोलताना आपला चेहरा आपल्याला दिसावा म्हणून. सुतार आला, खिळा ठोकला आणि गेला. चार वर्षं मोडक्या ड्रॉवरसाठी ज्याला बोलावत होतो तोच हा सुतार. आरशात पाहिलं आणि मला धक्का बसला. कामाच्या जागी इतका खिन्न माणूस मी आजवर पाहिला नव्हता.

तिसऱ्या दिवशी 'नाही' या शब्दावर बंदी आली.

"नाही ही भिंत आहे," मॅडम म्हणाल्या. "आपण भिंत बांधायची नसते, दार उघडायचं असतं."

"आणि पलीकडे खोलीच नसेल तर?" मी विचारलं.

त्यांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं.

मग एक छापील पुठ्ठा मिळाला. त्यावर सात वाक्यं. खिडकीवर फक्त ही सात बोलायची. वाक्य एक: आपण आमची निवड केलीत याचा आम्हाला आनंद आहे. अर्ज अपुरा असेल तर वाक्य चार: आपला अर्ज अधिक परिपूर्ण करण्याची सुंदर संधी आपल्याकडे आहे. कुणी रडलं तर वाक्य पाच: आपल्या भावना आमच्यापर्यंत पोहोचल्या आहेत. 'झालं का?' असं विचारलं तर वाक्य सहा: आपण योग्य दिशेने चाललो आहोत. प्रवेशाच्या शेवटच्या दिवसांत मॅडम रोज एका खिडकीमागे बसून तीस माणसांशी होणारं बोलणं तपासणार होत्या, माझी पाळी अगदी शेवटच्या दिवशी. एका माणसाला एक गुण, एकदा 'नाही' निघालं की तो गेला. वीसच्या खाली जो येईल त्याची बदली तळघरातल्या अभिलेख खोलीत. त्या खोलीत माझ्या आधीचा एक जण सहा वर्षं खोकला आणि खोकतच निवृत्त झाला. आता निरोप समारंभाच्या फोटोत तोंडावर रुमाल धरलेला जो दिसतो, तो तोच.

शिवाय अंगात आकाशी रंगाचा कोट पाहिजे. तो आपापला शिवून घ्यायचा.

आमच्या खालच्या मजल्यावर टेलरमास्तर राहतात. घरातच दुकान. त्यांची मुलगी आणि ते, दोघंच. मी कापड घेऊन गेलो. मास्तरांनी ते टेबलावर पसरलं, माझ्या अंगाला टेप लावली, परत कापडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "नाही पुरणार."

"बघा ना मास्तर, थोडं इकडून तिकडून."

"भाऊ, नाही म्हणजे नाही. अर्धा हात कमी आहे. माझं आपलं असं आहे बघा, नाही म्हणायचं ते कापायच्या आधी. कात्री लागल्यावर नाही म्हणून काय उपयोग? तेव्हा गिऱ्हाईक रडतं आणि कापडही जातं."

मी अर्धा हात कापड आणायला परत बाजारात गेलो. राग आला होता. पण कोट झाला.

त्यांची मुलगी तिथेच बसून बटणं लावत असायची. त्या पोरीची एक गंमत होती. दुकानातली सगळी बटणं तिने काचेच्या बरण्यांत भरून ठेवली होती आणि प्रत्येक बरणीवर चिठ्ठी: किती भोकांचं, केवढं, कशाचं, कुठल्या तारखेला आलं. मास्तर म्हणायचे, "अहो, मला एक काळं बटण पाहिजे असतं, तर ही मला त्याची जन्मतारीख सांगते." तिला प्रयोगशाळा सहायक व्हायचं होतं. रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या लावायची नोकरी असते, हे तिला कुठूनतरी कळलं होतं, आणि हे जगातलं सगळ्यात सुंदर काम आहे अशी तिची खात्री होती. आमच्या कोर्ससाठी कुणी असं तळमळताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्या दोन सूक्ष्मदर्शकांबद्दल मी तिला काही बोललो नाही.

शेवटच्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी ती जिन्यात भेटली. हातात फॉर्म. तिच्या मुख्याध्यापिका परगावी होत्या, त्या त्याच दिवशी परतल्या आणि सही मिळाली, म्हणून इतका उशीर.

"काका, एकदा नजर टाकता का? सगळं बरोबर आहे ना?"

आता माझा एक नियम आहे. जिन्यात मी कारकून नसतो. बावीस वर्षं लोक मला जिन्यात, दुकानात, न्हाव्याच्या खुर्चीत गाठून फॉर्म दाखवत आलेत. एकदा तर एका लग्नात जेवणाच्या पानावर बसलेलो असताना दाखवला. माणसाला काही स्वाभिमान असतो. मी म्हटलं, "उद्या खिडकीवर ये. तिथे बघतो."

"बरं काका," ती म्हणाली.

फॉर्म तिच्या हातात होता आणि माझा चष्मा माझ्या खिशात.

दुसऱ्या दिवशी मी आकाशी कोट चढवून बसलो. कोट मास्तरांनी मापात शिवला होता. पण माप घेताना माझे हात खाली होते, आणि माझं काम तर हात पुढे करायचं. फटीतून कागद घ्यायला हात लांबवला की पाठ आवळायची. पाठीमागे खुर्ची टाकून मॅडम, मांडीवर गुणपत्रक. समोर आरसा. आरशात मी आणि माझ्या खांद्यावरून मॅडम, अशी आम्ही दोघं जोडीने फोटो काढायला बसल्यासारखी.

सकाळ बरी गेली. भोक तेवढंच होतं, पण आता मी ओरडत नव्हतो, त्यामुळे कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. सगळे माझे दात बघून माना डोलवायचे आणि जायचे. एका आजोबांना मी वाक्य चार तीनदा ऐकवलं. त्यांनी शेवटी माझ्याकडे बघून हात जोडले. त्याचा मला गुण मिळाला. पावणेबारापर्यंत माझे सोळापैकी सोळा झाले होते. बावीस वर्षांत मला कशातच पैकीच्या पैकी मिळाले नव्हते. अंगावर मूठभर मांस चढलं होतं, ते का लपवू?

प्रयोगशाळा सहायकाचे तोवर एकोणीस झाले होते. दोन नंबरच्या बाईंनी हळूच बोटांनी खूण केली. एक पाहिजे.

आणि मास्तरांची मुलगी वाकली.

तिने फॉर्म सरकवला. मी पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं. अक्षर असं की छापलंय वाटावं. तिसऱ्या पानावर मुख्याध्यापिकेची सही होती आणि सहीशेजारी एक रिकामं वर्तुळ, त्यात लिहिलेलं: शाळेचा शिक्का. शिक्का नव्हता.

इथे जरा थांबून सांगतो. रोज दहाजण शिक्का विसरतात, त्यात काही विशेष नाही. माझं काम ठरलेलं. मी ओरडतो: "शिक्का नाही. चालणार नाही. पळ, दोनच्या आत शाळेतून मारून आण, नाहीतर सीट गेली समज." मूल दचकतं, काहीजणांचे डोळे भरतात, एकदोघं शिव्या देतात, आणि सगळी पळतात. चारला धापा टाकत परत येतात. शिक्क्याची शाई कधीकधी ओली असते. बावीस वर्षांत माझ्या खिडकीवर शिक्क्यापायी एकही प्रवेश हुकलेला नव्हता. यासाठी बिल्ला नसतो.

तिची शाळा बसने अर्ध्या तासावर. शाळेचं ऑफिस दोनला बंद होतं. वाजले होते पावणेबारा.

मी आरशात पाहिलं. मॅडमचं पेन वर होतं.

"आपला अर्ज," मी म्हणालो, "अधिक परिपूर्ण करण्याची सुंदर संधी आपल्याकडे आहे." आणि शिक्क्याच्या जागेवर बोट ठेवलं. पण काचेवर दिव्याची तिरीप पडते, बाहेरून बोट दिसत नाही.

तिने मान वळवून कान लावला होता. पुन्हा तोंड आणलं. "काका, म्हणजे झालं ना?"

मला आठवतंय, जीभ टाळूला लागली होती. 'न' म्हणायला जीभ जिथे लावतात, बरोबर तिथे. मागे खुर्ची करकरली. सतरावा गुण होता. तळघरातला खोकला मला ऐकू आला.

"आपण," मी म्हणालो, "योग्य दिशेने चाललो आहोत."

ती हसली. माझ्यासारखं पेन्सिलीचं नाही. म्हणाली, "थँक्यू काका," आणि गेली.

मी स्वतःला सांगितलं की एकला जेवणाची सुट्टी होते, तेव्हा फोन करू. मास्तरांना सांगू, पोरीला पिटाळा, अजून तास आहे. रिक्षाने गेली तर जमेल. सगळं मनात नीट जुळवून मी पुढचे गुण मिळवले. एकला मॅडमनी टाळी वाजवली. म्हणाल्या, आता ऐकण्याचा तास. सगळ्यांनी आपापले फोन या टोपलीत टाकायचे, डोळे मिटून बसायचं आणि समोरच्याला मनाने कसं ऐकायचं याचा सराव करायचा.

मी ऐकलं. पंखा ऐकला, दोन नंबरच्या बाईंचं पोट ऐकलं, भिंतीवरचं घड्याळ ऐकलं. मी उठू शकत होतो. मला कुणी बांधलं नव्हतं. दाराला कडीही नव्हती. "मला फोन करायचाय" एवढंच म्हणायचं होतं, आणि त्यात तर 'नाही'सुद्धा नव्हतं. मी डोळे मिटून बसलो, कारण तीसपैकी सत्तावीस झाले होते.

अडीचला फोन हातात आला तेव्हा शाळा बंद होऊन अर्धा तास झाला होता. पाचला यादी सीलबंद होऊन वर गेली. एकोणीस.

संध्याकाळी मास्तर जिन्यातच भेटले, तोंडभर हसत. "भाऊ, पोरगी सांगत होती, काका काय गोड बोलले म्हणून. लोक उगीच तुम्हाला नावं ठेवतात."

तिथेसुद्धा मी सांगितलं नाही. "बघू," म्हणालो आणि वर गेलो. बायकोने ताट वाढलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "नापास झालात?"

"तीसपैकी तीस," मी म्हणालो. "पहिला आलो."

"मग असं तोंड का?"

मी तिला सगळं सांगितलं. तिने पातेल्यावर झाकण ठेवलं. मग म्हणाली, "त्या साहेबाकडे जा. आणि तो कोट घालून जाऊ नका."

दोन दिवसांनी यादी लागली. मास्तरांनी ती वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. मी गठ्ठ्यातून तिचा फॉर्म काढून दिला, तिने त्यावर शिक्का मारून आणला, आणि त्या दोघांना घेऊन मी रजिस्ट्रारसाहेबांकडे गेलो. तोवर मॅडमनी वरच्या साहेबांचंही प्रशिक्षण उरकलं होतं. साहेब आकाशी कोटात बसले होते आणि त्यांच्या टेबलावर तोच पुठ्ठा होता, फक्त चकचकीत कागदावर छापलेला.

"आपण आमची निवड केलीत," साहेब म्हणाले, "याचा आम्हाला आनंद आहे."

मी म्हटलं, "सर, हिच्या फॉर्मवर शिक्का राहिला होता. ते मी हिला सांगितलं नाही. चूक माझी आहे. आज शिक्का मारून आणलाय."

"आपल्या भावना आमच्यापर्यंत पोहोचल्या आहेत."

"सर, यादीत एकोणीस आहेत. ही विसावी. हिला घेतली तर तुमचा कोर्स वाचतो. एक पुरवणी पत्र पाठवायचंय फक्त."

साहेबांनी यादीच्या सीलबंद पाकिटाच्या पोचपावतीवर तळवा ठेवला. मला त्यांची दया आली. त्यांच्याही जिभेला टाळू सापडलेली दिसत होती. ते म्हणाले, "आपण योग्य दिशेने चाललो आहोत."

मास्तरांचा चेहरा उजळला. ते माझ्याकडे वळले. "म्हणजे करतो म्हणतात ना, भाऊ?"

मुलगी साहेबांकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

"नाही," मी म्हणालो. "नाही म्हणतायत ते. झालेलं नाही, होणार नाही. मी त्या दिवशी हिला म्हणालो ना, तेव्हाही त्याचा अर्थ नाही असाच होता."

साहेबांचं हसू तसंच राहिलं, उतरवायचं कसं हे शिकवलं नसावं. ते हळूच म्हणाले, "इतकं नकारात्मक..." आणि पुढचं वाक्य पुठ्ठ्यावर शोधू लागले.

मास्तरांनी फॉर्म टेबलावरून उचलला. शिक्का मारलेलं पान वर ठेवून त्याची नीट घडी घातली, कापडाची घालतात तशी, काठाला काठ जुळवून. ओरडले असते तर बरं झालं असतं. मला ओरडण्याची सवय आहे.

"भाऊ," ते म्हणाले, "कापायच्या आधी सांगायचं होतं."

आणि पोरीला घेऊन गेले.

कोर्स बंद झाला. एकोणीस मुलांना पत्रं गेली, त्यात पहिलंच वाक्य आनंदाचं होतं. दोन्ही सूक्ष्मदर्शक अभिलेख खोलीत गेले. मला मोठ्या समारंभात 'संवादस्नेही कर्मचारी' असा बिल्ला लावण्यात आला आणि माझा दात काढलेला फोटो नोटीस बोर्डावर चिकटवण्यात आला. मी बिल्ला परत करायला गेलो तर कळलं की बिल्ला देण्याचा नमुना फॉर्म आहे, परत घेण्याचा नाही. मी अभिलेख खोलीत बदली मागितली. उत्तर आलं की बिल्लाधारकास तिथे पाठवण्याची तरतूद नाही. मी पुन्हा ओरडायला लागलो. साहेबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, कारण माझा फोटो बोर्डावर होता आणि फोटोतला माणूस ओरडत नसतो.

भोकाचा अर्ज मात्र चालतच राहिला होता. आठ महिन्यांनी त्याला मंजुरी आली. भोक मोठं झालं, वरही गेलं, अगदी मी मागितलं होतं तसं. फक्त चार नंबरच्या खिडकीला झालं. चार नंबर सहा वर्षांपासून बंद आहे, तिथे झेरॉक्सचे कागद ठेवतात.

ते वर्ष मी जिना चोरासारखा चढलो. खालून शिलाई मशीनचा आवाज यायचा, आणि कधी मशीन थांबलं की बरणीत बटणं पडल्याचा. मास्तर भेटले की "काय भाऊ" म्हणायचे, पूर्वीसारखंच. माझे कपडे त्यांनी शिवायचे सोडले नाहीत. बायको म्हणायची, "माणूस मोठा आहे." मला ते ऐकवत नसे.

यंदा प्रवेश सुरू झाले. पहिल्याच दिवशी रांगेत ती होती. फॉर्म सरकवला. कोर्स हिशेबनीस सहायकाचा, उरलेल्यातला एक. मी पान उलटलं. शिक्का होता. पहिल्या पानावर होता, दुसऱ्यावर होता, तिसऱ्यावर वर्तुळात होता आणि वर्तुळाबाहेरही. फोटोवर होता. कोऱ्या पाठीवर होता. शाळेतल्या बाई कंटाळल्या असतील, पण तिने सोडलं नव्हतं.

तिने काही विचारलं नाही. भोकाला तोंड लावलंच नाही. आधीच मान वळवून कान लावून उभी राहिली.

अर्जात काढायला काही नव्हतं. मी म्हणालो, "झालं."

ती हलली नाही. कान तसाच ठेवून, काचेकडे न बघता म्हणाली, "काका, खरंच झालं की गोड बोलताय?"

मागे रांग वाढली होती. कुणीतरी घड्याळ बघून चुकचुकलं. मी खुर्चीवरून अर्धा उठलो, काचेला तोंड भिडवलं आणि फुप्फुसांत होता तेवढा सगळा वारा लावून ओरडलो:

"झालं म्हणतोय ना एकदा! कळत नाही का? हो बाजूला, चल, मागे लोक उभे आहेत!"

अख्खा कॉरिडॉर दचकला. तिने कान काढला, सरळ उभी राहिली, आणि वर्षभरात पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. मान हलवली. गेली.

तिच्या मागच्या गृहस्थाने तक्रारवही मागितली. मी ती फटीतून सरकवली. पेन चालत नव्हतं, म्हणून माझं दिलं.